कुमुदताईंचे पुठ्ठे

नमस्कार. बसा सगळे. मागे भिंतीला टेकून जे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या रांगेत खुर्च्या रिकाम्या आहेत. शोकसभेत पहिल्या रांगेत बसायला जास्त पैसे पडत नाहीत. आणि तो पंखा कुणीतरी जरा कमी करा. मला ओरडून बोलायची सवय आहे, पण आज ओरडायचं नाही असं घरातून ठरवून निघाले आहे. पंख्याशी स्पर्धा सुरू झाली तर ते माझ्याच्याने पाळलं जाणार नाही.

मी संध्या. शनिवार पेठेतली जुनी माणसं मला ओळखतात. बाकीच्यांसाठी सांगते, कुमुदताई ज्या पिठाच्या गिरणीत गल्ल्यावर बसायच्या, तिच्या बरोबर समोर माझं दुकान आहे. बटणं, चेन, अस्तर, लेस. गिरणी गेली, दुकान अजून आहे. कुमुदताईही गेल्या.

अशा वेळी बोलणं अवघड असतं, असं म्हणायची पद्धत आहे. माझ्याआधी जे जे बोलले ते सगळे ते म्हणाले आणि मग पुष्कळ वेळ बोलले. मला खरंच अवघड आहे. कारण मला जे बोलायचं आहे, ते शोकसभेत कुणी बोलत नाही.

एवढी माणसं बघून कुमुदताई काय म्हणाल्या असत्या सांगू? म्हणाल्या असत्या, संध्या, दिवाळीच्या भाजणीलासुद्धा एवढी रांग नव्हती गं. आणि मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या असत्या, गिरणी बंद पडायला आली तेव्हा ही मंडळी कुठे होती? पिशवीतलं तयार पीठ आणायला गेली होती, कुमुदताई. आता आली आहेत.

आत्तापर्यंत सगळ्यांनी फार छान सांगितलं. कुमुदताई साध्या होत्या. शांत होत्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी खाली बसून ऐकत होते आणि मला वाटत होतं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला तर आले नाही ना? इथे ज्यांनी ज्यांनी दळणावरून कुमुदताईंची बोलणी खाल्ली आहेत, त्यांनी जरा हात वर करा. करा, लाजू नका. बघा, अर्धं सभागृह. उपवासाच्या भाजणीआधी गिरणी साफ केली का, असं मी एकदा नुसतं विचारलं होतं. त्यांनी सरळ डबा परत केला. शांत होत्या म्हणे.

आणि छंद. हा शब्द आज मी फार वेळा ऐकला. नाण्यांच्या छंदात रमल्या होत्या. आपल्या नाणेसंग्राहक मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, संग्रहाला बाजारात फारशी किंमत नाही, पण निष्ठा मोठी होती. अध्यक्ष महाराज, तुमच्या प्रदर्शनात कुमुदताईंना टेबल कुठे मिळायचं, आठवतं का? चहाच्या पिंपाशेजारी. दर वर्षी. लोक चहा घ्यायला यायचे आणि नाण्यांवर कप ठेवायचे. त्या कप उचलायच्या, फडक्याने खालचं टिपून घ्यायच्या आणि कप त्या माणसाच्या हातात द्यायच्या. निष्ठा मोठी होती हे तुमचं बरोबर आहे. टेबल लहान होतं, एवढंच.

संग्रह काय होता, ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. सोन्याची मोहर नाही, शिवराई नाही, राणीचा रुपया नाही. तुमची आमची चिल्लर. पाच पैसे, दहा पैसे, कमळाचं पितळी वीस पैशांचं नाणं, गेंड्याची पावली. गिरणी त्यांच्या भावाची, दादांची. कुमुदताईंनी लग्न केलं नाही, भावाच्या गिरणीत गल्ल्यावर बसल्या त्या बसल्याच. गिऱ्हाईक दळणाचे पैसे देऊन वळलं की त्या नाणं उलटून वर्ष बघायच्या. वर्षाखाली टांकसाळीची बारीक खूण असते, ती बघायच्या. ठिपका आहे, चांदणी आहे, की काहीच नाही. हवं असलेलं नाणं निघालं की आपल्या पदरची चिल्लर गल्ल्यात टाकायच्या आणि ते नाणं शेजारच्या बशीत. गल्ला दादांचा होता ना. दादांचं त्यांनी कधी काही घेतलं नाही.

रविवारी दुपारी गिरणी बंद असायची. मी दुकानाचं शटर ओढायचे आणि समोर जायचे. कितीतरी वर्षं गेले. माझ्या घरचे विचारायचे, त्या पिठाच्या धुरळ्यात काय करता गं दोघी? आम्ही नाणी पुठ्ठ्यात घालायचो.

हसू नका. तुम्हाला ते काम माहीत नाही म्हणून सांगते, आणि आज ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

टेबलावर जुना टॉवेल चौघडी करून अंथरायचा. नाणं हातून सुटलं तर कड दबू नये म्हणून. नाणं धरायचं ते कडेला, दोन बोटांत. नाण्याच्या तोंडावर बोट ठेवायचं नाही. पहिल्या दिवशी मी चांगला अंगठा दाबून धरलं होतं. मला म्हणाल्या, तुझ्या दुकानातल्या पांढऱ्या अस्तरावर मी तेलाचा हात ठेवला तर चालेल? म्हटलं, नाही चालणार. म्हणाल्या, मग.

नाण्याला पीठ लागलेलं असायचं. पीठ ओल धरतं. म्हणून ते नाणं साध्या पाण्यात सोडायचं, काढायचं आणि जुन्या मऊ धोतराच्या फडक्यावर टिपायचं. टिपायचं, चोळायचं नाही. हे माझ्या तोंडचं वाक्य नाही, त्यांचं आहे, आणि दर रविवारी मी ते ऐकलेलं आहे. संध्या, टिपायचं, चोळायचं नाही. चोळलंस की वरचा थर जातो, आणि गेलेला थर पुन्हा आणायला तुझा देवसुद्धा येत नाही. चकाकी आली म्हणजे नाणं नवं होत नाही, फक्त त्याचं आयुष्य पुसलं जातं. हे लक्षात ठेवा. मला पुढे लागणार आहे.

मग पुठ्ठा. मंडळातले लोक त्याला होल्डर म्हणतात, कुमुदताई पुठ्ठा म्हणायच्या. पांढरा जाड पुठ्ठा, मधे घडी, दोन्ही बाजूंना गोल खिडकी आणि खिडकीला पातळ पारदर्शक कागद. नाणं मधे ठेवायचं, घडी मिटायची, कडेने पिना मारायच्या. खिडकी नाण्याच्या मापाचीच हवी. मोठी घेतली तर नाणं आत सरकतं, लहान घेतली तर कड झाकली जाते. पिना पुठ्ठ्याच्या काठाला, नाण्यापासून लांब. आणि एवढं झाल्यावर पक्कड घ्यायची आणि एकेका पिनेची पाठ दाबून सपाट करायची.

मी म्हटलं, पिन बसली की हो, आता पक्कड कशाला? तर त्यांनी माझ्या हातातला पुठ्ठा घेतला, पिनेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, डब्यात हे सगळे एकमेकांना चिकटून उभे राहणार. हिचं टोक वर राहिलं तर शेजारच्याच्या खिडकीवर ओरखडा. आपल्यामुळे शेजारच्याला लागू नये, एवढं आपण बघायचं. मग तो बघो न बघो.

मंडळातल्या पुष्कळ जणांनी तेव्हा मऊ प्लास्टिकचे अल्बम घेतले होते. गुळगुळीत, पानं उलटता येणारे. कुमुदताईंना म्हणायचे, काय हे पुठ्ठे, जरा काळाबरोबर चला. त्या नाही चालल्या. काही पावसाळ्यांनंतर त्या अल्बममधली नाणी हिरवी चिकट झाली आणि मंडळी गुपचूप कुमुदताईंकडे यायला लागली. पुठ्ठा कुठे मिळतो, कुठल्या मापाचा घ्यायचा. त्यांनी सगळ्यांना सांगितलं. एकालाही टोमणा मारला नाही. मी असते तर मारला असता, म्हणून आज मारते आहे.

पण कुमुदताईंनी पुठ्ठा धरला त्याचं कारण वेगळंच होतं. मी विचारलं तेव्हा अगदी सरळ सांगितलं त्यांनी. पुठ्ठ्यावर लिहिता येतं.

नाणं आत घालायच्या आधी त्या लिहायच्या, नंतर पेनाचा दाब नाण्यावर पडायला नको म्हणून. वर वर्ष आणि टांकसाळ. ते सगळेच लिहितात. खाली मात्र नाव आणि धान्य. पवार, बाजरी. लेले, अनारशांचे तांदूळ. कांबळे बाई, थालीपिठाची भाजणी. ज्याच्या हातून नाणं आलं त्याचं नाव, आणि तो त्या दिवशी काय दळायला आला होता ते. अध्यक्ष महाराज, याला बाजारात किंमत नाही. खरं आहे. बाजारात कोण विचारतं की पवारांच्या आई काय खात होत्या?

आता पुढचं.

दादा गेले. गिरणी बंद झाली. इमारत पाडून नवी करायची ठरलं आणि कुमुदताई भाच्याकडे धायरीला राहायला गेल्या. हा सलील, दादांचा मुलगा. समोर बसला आहे. ही त्याची बायको, मृणाल. सलील, उठून जाऊ नकोस. पाणी हवं असेल तर इथे आहे.

घर चांगलं आहे. हवेशीर आहे, बाल्कनीतून डोंगर दिसतो. मी गेले होते. कुमुदताईंचे डबे कुठे आहेत विचारलं तर त्यांनी वर बोट दाखवलं. बाथरूममध्ये, गिझरच्या वरच्या माळ्यावर. पुठ्ठ्याचे डबे. रोज सकाळी सगळ्या घराच्या आंघोळीची वाफ तिथे जाते. मी म्हटलं, हॉलमध्ये एवढं मोठं कपाट आहे, त्यातला एक कप्पा मागून घ्या की. म्हणाल्या, मागितला. मग? म्हणाल्या, तिथे सलीलचे ट्रेकिंगचे बूट असतात. त्यांना ओल चालत नाही.

नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या बारीक पुड्या येतात ना, त्या पुड्या कुमुदताई मागून घ्यायच्या आणि आपल्या डब्यांत ठेवायच्या. बूट कपाटात, पुड्या माळ्यावर. मला त्यांनी हे हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नव्हतं. आजही येत नाही.

त्या घरात त्यांनी कुणाला त्रास दिला नाही, असं मघाशी सलील म्हणाला. हो, नाही दिला. स्वतःची सगळी टोकं त्यांनी पक्कड घेऊन सपाट केली होती. शेजारच्यांनीही आपली करावीत, एवढी अपेक्षासुद्धा ठेवली नाही.

दवाखान्यात होत्या तेव्हा मी त्यांच्याजवळ होते. सलीलही होता. कुमुदताईंना बोलताना धाप लागत होती, तरी बोलल्या. सलील, नाणी एकत्र ठेव. फोडू नकोस. पुठ्ठ्यातून काढू नकोस. कुणी बघायला आलं तर दाखव. एवढंच. घर मागितलं नाही, दागिना कुणाला दिला नाही, दागिना नव्हताच. सलील म्हणाला, हो आत्या, डोन्ट वरी, तू टेन्शन घेऊ नकोस. आणि फोन आला म्हणून बाहेर गेला. कुमुदताई माझ्याकडे बघत राहिल्या. मीही म्हटलं, तो करेल हो. मला वाटलं होतं करेल.

तेराव्याला मी धायरीला गेले. गोडाचं जेवण झालं. आणि मग सलील हातात ताट घेऊन आला. ताटात लाल मखमली पाकिटं. प्रत्येकाला एकेक. तुमच्यापैकी बहुतेकांकडे ते पाकीट आहे. आत एक छापील चिठ्ठी, आत्याची आठवण. आणि एक नाणं.

मला म्हणाला, काकू, हे तुमचं. हल्ली स्टीलच्या वाट्यांवर नाव कोरून कोण देतं? म्हटलं, काहीतरी मीनिंगफुल देऊ या.

मी पाकीट उघडलं. पाच पैसे. अ‍ॅल्युमिनियमचं नाणं, आणि ते काळपट पडलेलं. मी सलीलकडे बघितलं. तो म्हणाला, तेवढी पाच पैशांची जरा बिघडली, पण पितळेची बघा ना, ती मृणालने केली, कसली शाइन झाली आहेत. मृणालने आणि मी अख्खा वीकेंड बसून सगळी क्लीन केली. भांड्यांची पावडर, चिंच, मीठ, सगळं वापरलं. आधी किती डल होती.

मी विचारलं, आणि होल्डर?

तो म्हणाला, ते पुठ्ठे ना? ड्राय वेस्टमध्ये.

मला रडू आलं नाही. खोटं कशाला सांगू? मला राग आला, आणि तो अजून आहे. आपण काय केलं हे त्याला कळलंच नव्हतं, उलट माझ्या तोंडाकडे बघत होता, काकू छान म्हणतील म्हणून. सलील, मला माहीत आहे तू प्रेमानेच केलंस. तुला आत्या आवडायची. तिच्यासाठी तू अख्खा शनिवार-रविवार दिलास. ती असताना त्यातला एक रविवार दिला असतास, तिच्याशेजारी टॉवेल अंथरून बसला असतास, तर तिने तुला तीन शब्द शिकवले असते. टिपायचं, चोळायचं नाही. हे शब्द कळायला इंजिनीअर व्हावं लागत नाही. पण तू इंजिनीअर आहेस, तेव्हा तुला तर कळायला हवे होते.

आणि तुम्ही बाकीचे. ज्यांनी पाकीट घेतलं ते. एकानेही विचारलं नाही, की अरे, हे कुणाचं आहे? कुमुदताई गेल्या तेव्हा ज्यांना त्यांचं आडनाव आठवावं लागलं, त्यांनीही दोन्ही हात पुढे केले. एक बाई माझ्यासमोर म्हणाल्या, मला जरा जुनं असेल तर द्या ना, विकलं तर पुष्कळ येतात म्हणे. त्या इथे आहेत. मी नाव घेत नाही. त्यांनी माझ्याकडून उधार नेलेल्या चेनचंही मी कधी नाव घेतलं नाही.

असो.

खाली उतरताना जिन्यापाशी सुक्या कचऱ्याच्या पिशव्या होत्या. एकीतून पांढरे कोपरे दिसत होते. मी ती पिशवी उचलली, रिक्षात घातली आणि घरी आणली. तुमच्या सोसायटीत याला चोरी म्हणत असतील तर म्हणा.

घरी मी पिशवी जमिनीवर ओतली. पिना काढायचेही कष्ट घेतलेले नव्हते. खिडकीतून अंगठा घालून नाणं बाहेर ढकललेलं, एवढंच. म्हणजे पुठ्ठे शाबूत, पिना जागच्या जागी आणि मधे फाटलेलं भोक. मी दोन्ही हातांनी ते पुठ्ठे उपसले, एकेक करून लावले. माझ्या हाताला एक ओरखडा आला नाही. एकाही पिनेचं टोक वर आलेलं नव्हतं. तेव्हा मात्र मला रडू आलं.

ते पुठ्ठे मी आज आणले आहेत. हा डबा बघा. पवारकाका, तुमच्या आईंचे चार पुठ्ठे आहेत, चारही बाजरी. कांबळे, तुमच्या आईंचे तर कितीतरी. लेले अमेरिकेत आहेत, त्यांच्या आईंचे अनारशांचे तांदूळ इथे आहेत. कुमुदताईंनी नाणी साठवली असं तुम्हाला वाटतं. त्यांनी आपली गल्ली साठवली होती. आणि आपण काय केलं? पवारांच्या आईचं नाणं कुणाच्या तरी सुनेच्या पर्समध्ये, कांबळे बाईंचं कुणा मुंबईच्या पाहुण्याकडे, आणि कुणाचं कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही.

एक पुठ्ठा तुम्हाला वाचून दाखवते. वीस पैसे, कमळ. खाली लिहिलं आहे, संध्याची आई, नाचणी.

माझी आई शेवटच्या दिवसांत नाचणीची पेजच घ्यायची. नाचणी दळायला मी न्यायचे. एक दिवस हट्ट धरून स्वतः जिना उतरली, रस्ता ओलांडला आणि गिरणीत गेली. कनवटीला कधीपासूनचं ठेवलेलं नाणं काढून तिने कुमुदताईंच्या पुढे ठेवलं. ते पितळी वीस पैसे तेव्हा कुठे दिसतसुद्धा नव्हते. तेवढ्यात दळणही होत नव्हतं, तरी कुमुदताई म्हणाल्या, काकू, फार झाले, उरलेले पुढच्या वेळी वळते करते. पुढची वेळ आली नाही. मी लहान मुलीसारखी दर रविवारी तो पुठ्ठा मागून बघायचे. आईच्या नाण्यावर कमळाच्या शेजारी एक तपकिरी डाग होता. तिच्या घामाचा असेल, हळदीचा असेल, कशाचा का असेना. खिडकीतून दिसायचा. त्या डागावरून मी ते ओळखायचे.

ते नाणं आत्ता इथे कुणाच्या तरी पाकिटात आहे. ते माझ्यासमोर आलं तरी मला ओळखू येणार नाही. कमळाची नाणी बरीच होती. वर्ष जुळवता येईल, टांकसाळ जुळवता येईल, पण डाग गेला. मृणाल, तू काढलास. अगदी स्वच्छ काढलास. तुझ्यावर मी ओरडणार नाही, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. पण मला ते फार लागलं आहे, आणि हे तुला कळायला हवं म्हणून सगळ्यांसमोर सांगते आहे.

तर मला काय हवं आहे, ते सांगते आणि बसते.

मला ती नाणी परत हवी आहेत. सगळी. घासलेली असली तरी, काळी पडली असली तरी. नातेवाइकांनो, शेजाऱ्यांनो, मंडळातल्या सभासदांनो, तुम्हीसुद्धा. फाटलेल्या खिडक्यांना आतून नवा कागद लावता येतो, ते मी करते आहे, कडेकडेने, नाण्याला चिकटा लागणार नाही असं. वर्ष बघून, खूण बघून नाणं त्याच्या पुठ्ठ्यात जाईल. जिथे दोन सारखी असतील तिथे चुकेल. चुकू दे. पवारांचं नाणं कांबळ्यांच्या पुठ्ठ्यात गेलं तर चालेल, गिरणीत काय कधी डबे बदलले गेले नाहीत? मखमली पाकिटात एकटं मात्र राहायला नको.

आणि ती माझ्याकडे राहणार नाहीत. उद्या कुणी म्हणायला नको की संध्याबाईंचा डोळा होता म्हणून एवढं भाषण ठोकलं. ती सलीलच्या घरीच राहतील. त्याच्या आत्याने त्याला सांगितलं होतं, त्यानेच करायचं. सलील, हॉलमधल्या कपाटातला कोरडा कप्पा. बूट माळ्यावर ठेव. दर रविवारी मी येईन, डबे बघीन. चहा नाही केलास तरी चालेल.

कुमुदताईंच्या फोटोला हार घातला आहे, छान आहे. फोटोसमोरच्या टेबलावर मी त्यांचा टॉवेल अंथरला आहे. चौघडी करून. पाकिटं तुम्ही आज बरोबर आणली असतील, कारण सलीलने तुम्हाला तसा मेसेज केला होता, सभेत फोटो काढायचा आहे म्हणून. त्याला तो मी करायला लावला होता.

आता आपण उभे राहू या आणि दोन मिनिटं शांत राहू या. डोळे सगळ्यांनी मिटायचे. मीही मिटणार आहे. ज्याला पुढे यायचं असेल त्याने तेवढे उघडावेत, यावं, पाकिटातून नाणं काढावं, कडेला धरून, दोन बोटांत, आणि टॉवेलवर ठेवावं. टॉवेलवर नाणं ठेवलं की आवाज होत नाही. कुणी ठेवलं आणि कुणी खिशातच ठेवलं, ते मला कळणार नाही, शेजारच्यालाही कळणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा.

हे माझे पाच पैसे. मी पहिली.

कुमुदताई, येते. उठा आता सगळे, आणि डोळे मिटा.